देवकते सरांनी पाडलेला ग्रह

२ जून. देवकते सरांचं बिऱ्हाड त्या दिवशी हलायचं होतं आणि स्टीलची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. रुक्मिणवहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, म्हणणं असं की पुरुषांच्या हाती भांडी दिली की ती पोचतात, पण पोचे पडून. सरांना त्यांनी पडद्यांच्या दांड्या काढायला लावलं होतं. सर स्टुलावर चढायचं सोडून माझ्याशेजारी मांडी घालून बसले होते आणि मी गुंडाळायला घेतलेला प्रत्येक कागद आधी वाचत होते.

"मॅडम, ह्यो थांबवा. ह्यात कापसाचा भाव हाय."

"दोन वर्षांपूर्वीचा आहे, सर."

"मग काय झालं? मी रोज बघतो त्यो उजेड तर आणखी लई जुना असतोय."

मी तो कागद ओढून घेतला आणि त्यात कढई गुंडाळली.

आमच्या घरांची भिंत एकच. केजच्या एकाच ज्युनिअर कॉलेजात आम्ही शिकवलं. ते भौतिकशास्त्र, मी रसायनशास्त्र. त्यामुळे सर मला दिवसा दिसत आणि उरलेल्या वेळी भिंतीतून ऐकू येत. मे महिनाअखेरीला ते निवृत्त झाले आणि आता धारूरच्या डोंगराकडे, आपल्या गावी, थोरल्या भावाजवळ राहायला निघाले होते. केजमध्ये त्यांना 'चांदण्यावाले सर' म्हणत. हे नाव ऐकून नवख्या माणसाला वाटायचं, सर रात्रभर गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसत असतील. सर रात्री नऊला झोपत. त्यांच्या घरात दुर्बीण नव्हती. गच्चीवर ते गेलेले मी फक्त कुरडया वाळत घालताना पाहिले, आणि तेव्हाही ते आभाळाकडे न बघता कावळ्याकडे बघत होते.

त्यांचं संशोधन चालायचं भर दुपारी, बनियनवर, कूलरसमोर. दुर्बीण होती, पण ती अवकाशात. ती आभाळाच्या एका तुकड्याकडे टक लावून बसते, तिथल्या हजारो ताऱ्यांचा उजेड पुन्हा पुन्हा मोजते आणि ते मोजमाप खाली धाडते. पुढे ते साऱ्या जगाला फुकट खुलं केलं जातं. ज्याच्याकडे संगणक, इंटरनेट आणि चिकाटी असेल त्याने उघडावं. पहिल्या दोन गोष्टी केजमध्ये अधूनमधून असतात. तिसरी सरांकडे होती.

लोकांना हे पटत नसे. संकष्टीला गल्लीतल्या बायका सरांच्या दारात यायच्या. "सर, आज चंद्र किती वाजता उगवतोय?" सर आत वळून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचे आणि वेळ सांगायचे. एकदा एकीने विचारलं, "तुमी एवढे चांदण्यांचे सर, तुमाला कॅलेंडर लागतं व्हय?" सर म्हणाले, "वहिनी, मला चंद्राचं काही कळत न्हाई. त्यो लई जवळ पडतो."

हल्ली अवकाशातल्या दुर्बिणींनी काढलेले रंगीत फोटो मोबाईलवर फिरतात. गुलाबी धुरासारखे ढग, सोन्याची भुकटी उधळल्यासारख्या दीर्घिका. आमच्या स्टाफरूममधला प्रत्येक जण असा फोटो आला की 'सुप्रभात' लिहून सरांना पाठवायचा. सर वैतागायचे. "ह्यो लग्नाचा अल्बम हाय. संसार कसा चाललाय ते आकड्यात दिसतं." दीर्घिकांच्या वाटेला तर ते कधी गेलेच नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "दीर्घिका म्हंजे जत्रा, मॅडम. तिथं गेलं की माणूस हरवतंय. मला एक तारा द्या, मी त्याच्या दारात बसून राहीन."

हे दारात बसणं त्यांना घरून आलेलं. वडील मेंढपाळ. सर सांगायचे, "बापाला मोजता येत न्हवतं. पन संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना नुसता उभा राहायचा आनि सांगायचा, काळतोंडी आली न्हाई. चालण्यावरून वळखायचा. मी मिचकावण्यावरून वळखतो." दुर्बिणीच्या यादीत ताऱ्यांना नुसते लांबलचक क्रमांक असतात. सरांनी आपल्या ताऱ्यांना मेंढ्यांची नावं दिली होती: भुरी, बांडी, काळतोंडी, लंगडी. भिंतीतून मला ऐकू यायचं, "आज बांडीला काय झालंय बघ की गं," आणि आतून वहिनींचं उत्तर, "तिला काय व्हायचंय? तुमीच जेवला न्हाईत."

तारा मिचकावतो म्हणजे काय, हे सरांनी वर्गात कसं शिकवलं, तो विषय गल्लीत अजून निघतो. आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की सगळ्यांचे दिवे क्षणभर मंदावतात. सरांनी मुलांना सांगितलं की घरात बसून दिव्याकडे बघा. दिवा किती मंदावला, किती वेळ मंदावला आणि परत कधी मंदावला, एवढं लिहा. जागचं न उठता तुम्हाला कळेल की गिरणी चालू झाली. ग्रहाचंही तसंच. ग्रह दिसत नाही. तो ताऱ्यापुढून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड केसभर उतरतो, थोडा वेळ तसाच राहतो, परत चढतो. ठरलेल्या काळाने परत उतरला, तर समजायचं की कुणीतरी फेऱ्या मारतंय.

मुलं महिनाभर दिव्यांकडे बघत राहिली आणि एक दिवस सरांनी भर वर्गात निष्कर्ष सांगितला. "गिरणी सोडून आपल्या गल्लीत आणखी एक कुणीतरी हाय. रोज सकाळी, ठरल्या वेळी, सारख्या मापानं उजेड उतरतोय. म्हंजे कुणीतरी तारेवर आकडा टाकून पाणी तापवतंय." सरांना कोण ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. पण वर्गातली मुलं घरी गेली, बोलली आणि दुसऱ्या सकाळी उजेड उतरला नाही. गल्लीतले एक गृहस्थ पुढे बरेच महिने सरांशी बोलत नव्हते आणि गार पाण्याने अंघोळ करत होते. सरांना त्याचं वाईट वाटलं. "ग्रह लाजला की ओ मॅडम," एवढंच म्हणाले.

उतरलेल्या उजेडाचा आलेख काढला की त्याला आकार येतो. सरांच्या घरात हे आकार स्वयंपाकघरातल्या भाषेत चालत. तळ सपाट, कडा उभ्या, म्हणजे परात. ती ग्रहाची खूण. आणि खाली टोकदार उतरला की नरसाळं. ती बहुतेक वेळा दोन तारे एकमेकांना झाकतात त्याची. दुपारी भिंतीपलीकडून "नरसाळं!" असं करवादलेलं ऐकू आलं की मी समजायचे, आज चहाला जाऊ नये. "परात" मी क्वचितच ऐकली.

सरांची एकच इच्छा होती आणि ती कॉलेजातल्या सगळ्यांना तोंडपाठ होती. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक खोली आहे. तिच्यात मोडकी बाकं भरलेली आणि दाराला कुलूप. त्या खोलीत दहा संगणक बसवावेत आणि अकरावी-बारावीच्या मुलांनी हे काम करावं. सर दरवर्षी संस्थेकडे मागणी करायचे. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब दरवर्षी "बघू" म्हणायचे. भाऊसाहेब ऊस, राजकारण आणि शिक्षण, या क्रमाने व्यस्त असतात. सरांना निवृत्तीची धास्ती नव्हती. आपण गेल्यावर केजमधून त्या ताऱ्यांच्या दारात बसणारं कुणी उरणार नाही, एवढीच एक गोष्ट त्यांना खात होती. जेवताना, चालताना, पेपर तपासताना ती खोली त्यांच्या बोलण्यात यायचीच.

आणि मग, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, पोळा झाल्यावर, भिंतीतून "परात! परात!" असा ओरडा आला. मी हातातलं पीठ तसंच घेऊन गेले. वहिनी घाबरून परात घेऊन बाहेर आल्या होत्या. सर खुर्चीवरून उठून उभे होते आणि पडद्याकडे बोट दाखवत होते. भुरीचा उजेड उतरला होता. काही दिवसांच्या अंतराने परत उतरला होता. दोन्ही वेळा तळ सपाट.

"हात धुवून या आनि बघा," सर मला म्हणाले. मी बघितलं. मला ठिपके दिसले. सरांना घर सापडल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी पुण्यातल्या एका संशोधक बाईंना कळवलं. डॉक्टर मीनल त्यांचं नाव, वयाने सरांच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, उमेदवार चांगला आहे, पण दुर्बीण त्या भागाकडे पुन्हा बघणार आहे, ते मोजमाप येऊ द्या. सरांनी स्टाफरूममध्ये हे जसंच्या तसं सांगितलं. वर असंही म्हणाले, "फॉर्म भरलाय. निवडून आलेला न्हाई." पण बीड जिल्ह्यात हे वाक्य पूर्ण ऐकायची पद्धत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी बाजारात पोचली होती आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी सरांना बोलावून घेतलं. विज्ञानाकडून कुणीतरी सोबत हवं म्हणून मीही गेले.

"सर, नाव काढलंत केजचं," भाऊसाहेब म्हणाले. "दहा कॉम्प्युटर धरा आले म्हणून. जाहीर सत्कारात घोषणा करतो. फक्त ग्रहाला आमच्या आबांचं नाव लावा."

"साहेब, ग्रह आजून ठरला न्हाई. नुसता अर्ज भरलाय."

"आमच्याकडं अर्ज भरला की गुलाल आणून ठेवतात, सर."

"आनि पडला तर?"

"पडला तर गुलाल पुढच्या खेपेला कामाला येतो."

चार दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. त्यावर शनी होता, कारण छापणाऱ्याला कडं असलेलाच ग्रह ग्रह वाटतो. कड्याच्या आत आबांचा, म्हणजे भाऊसाहेबांच्या वडिलांचा, फेटेवाला फोटो. खाली कोपऱ्यात सर, ओळखपत्रावरच्या फोटोतले, दचकलेले. सर भाजी आणायला त्या चौकातून जायचे बंद झाले आणि वहिनींना दोन महिने लांबच्या बाजारातली महाग गवार खावी लागली, याबद्दल त्यांनी मला बरंच ऐकवलं.

दिवाळीनंतर सत्काराचा दिवस ठरला. त्याच्या दोन दिवस आधी मी वहिनींचा शेवेचा सोऱ्या परत द्यायला गेले. कूलर बंद, पंखा बंद, सर पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. नवं मोजमाप आलं होतं.

"न्हाई ओ मॅडम," ते म्हणाले. "ग्रह न्हाई."

"का? उजेड उतरला नाही?"

"उतरला की. चारदा उतरला. एकदा जास्त, एकदा कमी, परत जास्त, परत कमी. ग्रह असता तर हर खेपेला सारखाच झाकला असता. त्यो काय एकादशी धरून बारीक होतोय?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मला कळलं, म्हणजे कुणालाही कळेल. भुरीच्या मागे, खूप लांब, दोन मंद तारे एकमेकांभोवती फिरत होते. कधी हा त्याला झाकायचा, कधी तो ह्याला. एक जरा तेजस्वी, एक जरा मंद, म्हणून एक डुबकी खोल आणि एक उथळ. दुर्बिणीला इतक्या लांबून दोन्ही घरं एकाच ठिपक्यात दिसत होती. भुरीच्या प्रखर उजेडात त्या जोडीचं नरसाळं पातळ होऊन परातीसारखं दिसलं होतं आणि पहिल्या दोनच डुबक्यांत खोल-उथळ हा फरक लक्षात आला नव्हता.

"भुरी बिचारी जागची हलली न्हाई," सर म्हणाले. "शेजारणीचा दंगा हिच्या नावावर लागला."

मी विचारलं, "कुणाला सांगितलंत?"

"आजून कुणाला न्हाई. तुमालाच."

"मग सत्कार होऊ द्या. कॉम्प्युटर खोलीत येऊ द्या, खोक्यातून निघू द्या, प्लग लागू द्या. त्यानंतर महिन्याभराने सांगा. नवं मोजमाप आलं, ग्रह गेला. विज्ञानात असं होतच असतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी परीक्षेत चुकीचं पण सुबक उत्तर लिहिल्यासारखं.

"मॅडम, दुसऱ्याचं मेंढरू कधी कधी आपल्या कळपात येतं. बाप त्याला दिवस मावळायच्या आत नेऊन सोडायचा. तीन-तीन कोस चालून. कावून? मेंढराच्या पाठीवर ज्याचा त्याचा रंग असतोय. एक रात्र आपल्यात राहिलं, आपल्या मेंढरांना घासलं, तर त्याच्या लोकरीला आपला रंग लागतोय. मग ते चुकून आलेलं राहत न्हाई, चोरलेलं होतंय. सत्काराचा गुलाल एकदा त्या ग्रहाला लागला की मला त्यो परत सोडता यायचा न्हाई."

"आणि खोली?"

आतून वहिनी म्हणाल्या, "सांगून टाका म्हनावं. मला तसंबी स्टेजवर बसलं की पाठ धरतीया."

मी सोऱ्या ठेवला आणि घरी आले. माझं मत आजही तेच आहे की कॉम्प्युटर आधी यायला हवे होते.

सत्कार कॉलेजच्या मैदानावर झाला. हलगी, फेटा, शाल, नारळ, सगळं यथासांग. भाऊसाहेबांनी भाषणात केजचा झेंडा अवकाशात रोवला आणि दहा कॉम्प्युटरची घोषणा केली. टाळ्या वाजल्या. मग सर उठले. फेटा त्यांना मोठा झाला होता, तो एका हाताने धरून त्यांनी माईक घेतला.

"ग्रह न्हाई," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. भाऊसाहेबांनी दुसरा माईक उचलला. "सर विनयानं बोलत आहेत. थोर माणसं अशीच असतात."

"विनय न्हाई, साहेब. ग्रह न्हाई."

लोक हसले आणि परत टाळ्या वाजल्या. हलगीवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी एक तुकडा वाजवून घेतला. सर ते संपेपर्यंत थांबले. मग फेटा काढून टेबलावर ठेवला, वर्गात उभे राहतात तसे उभे राहिले आणि भुरी, तिच्या मागची जोडी, जास्त-कमी उतरणारा उजेड, सगळं सांगितलं. अडचणीत सापडलेला माणूस बोलतो तसं मुळीच नाही. शिळोप्याच्या गप्पा मारल्यासारखं. हळूहळू मैदान शांत झालं. लोकांना कळत होतं. भाऊसाहेबांनाही कळत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बायकांच्या रांगेतून बाजारात भाजी विकणाऱ्या मथुराबाई उभ्या राहिल्या. "ओ सर, मग ती मागची दोघं कोन म्हनला?"

"तारे हायत, मावशी. दोन."

"तारा थोरला का ग्रह थोरला?"

"तारा. लई थोरला."

"मग तोंड कशाला पाडलंय? एक गेला, दोन आले की!"

मैदान दणाणून गेलं. हलगी परत सुरू झाली. भाऊसाहेबांचं गणित कधीच कच्चं नव्हतं. त्यांनी माईक तोंडाशी नेला. "तर मग एकाला आबांचं नाव आणि दुसऱ्याला आमच्या मातोश्रींचं..."

"साहेब," सर म्हणाले, "त्या जोडीची नोंद आधीच कुणीतरी केलीय. मी आज सकाळीच यादीत बघितलं. आपुन फकस्त त्यांच्या दारावरून गेलतो."

भाऊसाहेबांनी माईक खाली ठेवला. आभार प्रदर्शनात मंडपवाल्याचे आभार मानले गेले, हलगीवाल्यांचे मानले गेले. कॉम्प्युटरचं नाव कुणी काढलं नाही. चौकातला शनी मात्र कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स येईपर्यंत तसाच राहिला आणि सर पुन्हा त्या चौकातून भाजी आणायला जाऊ लागले.

सत्कारानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी मला हाक मारली. पुण्याच्या मीनलबाईंचा फोन येऊन गेला होता. त्यांनी सांगितलं होतं की आपण शोधलेला ग्रह घेऊन येणारे पुष्कळ भेटतात. आपण शोधलेला ग्रह आपण होऊन परत करणारा पहिलाच भेटला. त्यांच्याकडे संशयास्पद डुबक्यांचा ढीग पडला होता. त्यातल्या खोट्या कोणत्या, ते ओळखून काढून टाकायला माणूस हवा होता.

"म्हंजे ग्रह पाडायचं काम," सर म्हणाले. चेहरा उजळला होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेले की वरूनच खाली सरांना विचारायचे, "आज किती पाडले?"

"सात. एक वाचलाय, पन त्याचीबी लक्षणं ठीक न्हाईत."

या कामात ते इतके रमले की वहिनी म्हणायच्या, घरात रोज मतमोजणी चालू आहे. वाचलेला ग्रह पुढे पुण्याला जायचा, तिथून आणखी कुठे कुठे, मोठ्या दुर्बिणींकडे. त्यातला एखादा खरा निघाला की मीनलबाई कळवायच्या. सर मान डोलवायचे आणि म्हणायचे, "चांगला व्हता. लई छळला मी त्याला." त्या ग्रहांवर सरांचं नाव नव्हतं. त्यांनी ते कधी मागितलं नाही, आणि मला वाटतं, त्यांच्या डोक्यातही आलं नसावं. त्यांना हवी होती ती खोली. निवृत्तीच्या आधी ते एकदा शेवटचं भाऊसाहेबांकडे जाऊन आले. भाऊसाहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "पाडायला कॉम्प्युटर कशाला लागतात, सर? आम्ही नुसत्या फोनवर पाडतो."

सर हे मला हसत सांगत होते. पण त्या दिवशी भिंतीपलीकडून एकही शब्द आला नाही, ना परात, ना नरसाळं.

तर, २ जून. दुपारपर्यंत भांडी गुंडाळून झाली. पडद्यांच्या दांड्या शेवटी मीच काढल्या. टेम्पो भरला. कपाट, पलंग, कूलर, वहिनींची शिलाई मशीन, पत्र्याची कोठी. सगळं चढल्यावर माझ्या लक्षात आलं की संगणक चढला नाही. सरांनी तो चादरीत बांधून आमच्या ओट्यावर आणून ठेवला होता.

"ह्यो कॉलेजला," ते म्हणाले.

"आणि तुम्ही कशावर पाडणार?"

"पुतण्यानं मोठा मोबाईल दिलाय. चष्मा कपाळावर चढवला की सगळं दिसतंय."

"खोली संस्थेच्या ताब्यात आहे, सर."

"किल्ली कालपासून तुमच्या पर्समधी हाय."

ते खरं होतं. एक तारखेपासून विज्ञान विभागाचा कारभार माझ्याकडे आला होता आणि त्याबरोबर किल्ल्यांचा जुडगा. मी संगणकाकडे बघितलं. जुना, पिवळा पडलेला, एका बाजूला वहिनींच्या हळदीच्या बोटांचे ठसे.

"पोरं बसतील का ओ, मॅडम?" सरांनी विचारलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कशाचीही खात्री मागितली नव्हती.

"माहीत नाही," मी म्हटलं. मला माहीत नसताना मी हो म्हणत नाही.

"बरं," ते म्हणाले आणि टेम्पोत जाऊन बसले.

ड्रायव्हर, मध्ये वहिनी, खिडकीशी सर, मांडीवर मिक्सर. टेम्पो सुटला, कोपऱ्यावर हळू झाला, आणि सरांनी कमरेपर्यंत बाहेर वाकून मला ओरडून सांगितलं, "मॅडम, बटन दोनदा दाबा! एकदा दाबून चालू होत न्हाई! दोनदा!" आणि दोन बोटं वर करून दाखवत राहिले. पानटपरीवरच्या लोकांना वाटलं सर विजयाची खूण करताहेत. त्यांनीही दोन बोटं वर केली. वहिनींनी सरांना शर्टाला धरून आत ओढलं आणि टेम्पो धारूरच्या रस्त्याला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षातून संगणक कॉलेजात नेला. खोलीचं कुलूप उघडलं, शिपायाकडून मोडकी बाकं व्हरांड्यात काढून घेतली, झाडू मारायला लावला आणि मशीन टेबलावर मांडलं. बटन दोनदा दाबलं. काही झालं नाही. खोलीत वीजच येत नव्हती. भिंतीतली वायर उंदरांनी खाल्ली होती. मी वायरमन सलीमभाईंना बोलावलं. ते आले, वायर बघितली, टेबलाकडे बघितलं आणि टेस्टर कानावर अडकवून म्हणाले, "एक बोर्ड बसवतो, मॅडम. तासाभराचं काम हाय."

"दहा बसवा," मी म्हटलं.

"मशीन तर एकच दिसतंय."

"तुम्ही बोर्ड बसवा, सलीमभाई."